थंडी ओसरलेल्या दिवसांत हवामानाची रोजची नोंद कशी ठेवावी

डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडच्या पट्ट्यात पारा ८-९ अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि एकाएकी आभाळ येतं, वारा फिरतो, पहाटे स्वेटर नकोसा होतो. उत्तरेचा कोरडा वारा मंदावला आणि पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून बंगालच्या उपसागरावरची दमट हवा येऊ लागली की असं होतं. जमिनीतून रात्री बाहेर पडणारी उष्णता ढग अडवून धरतात, म्हणून किमान तापमान चढतं. दिवसा तेच ढग ऊन अडवतात, म्हणून कमाल फारसं वाढत नाही. कमाल-किमानातलं अंतर आक्रसतं.

अशा दिवसांत टिपायचे फरक दोन-तीन अंशांचे असतात. भिंतीला टांगलेल्या तापमापीची चूकही तेवढीच असते. म्हणून कडाक्याच्या थंडीपेक्षा या दिवसांत जास्त काटेकोर राहावं लागतं.

आधी तापमापीची जागा आणि आडोसा

तापमापी जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, मोकळ्या हवेत, मातीच्या किंवा गवताच्या जागेवर हवी. घराची भिंत, पत्रा, फरशी, काँक्रीट यांपासून शक्य तेवढी लांब. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर उष्णता सोडत राहते आणि किमान तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्चीवर स्टँड लावा, पण वहीत ‘गच्ची’ असं स्पष्ट लिहा. त्या आकड्यांची तुलना तुमच्याच जुन्या आकड्यांशी करा, वेधशाळेच्या नाही.

वेधशाळेत दुहेरी झडपांची पांढरी लाकडी पेटी असते आणि तिचं दार उत्तरेकडे उघडतं, म्हणजे वाचताना ऊन आत पडत नाही. घरी तेच काम कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिक बशा करतात. १८-२० सेंटिमीटर व्यासाच्या आठ बशा घ्या. वरच्या दोन अखंड ठेवा, बाकीच्यांना मधोमध ७-८ सेंटिमीटरचं भोक पाडा. तीन थ्रेडेड रॉडवर त्या उपड्या ओवा आणि प्रत्येक दोघींमध्ये दीड-दोन सेंटिमीटरचा पाइपचा तुकडा घाला. डिजिटल तापमापीचा प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) मधल्या पोकळीत, कशालाही न टेकता, लोंबता ठेवा. गडद रंगाच्या बशा मात्र चालणार नाहीत. ऊन पडलं की त्या स्वतःच तापतात.

हंगामाच्या सुरुवातीला प्रोबची परीक्षा घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडंसं पाणी ढवळून दाट लगदा करा आणि वॉटरप्रूफ प्रोब त्यात दहा मिनिटं ठेवा. ०.० ऐवजी ०.८ दिसलं, तर निदान थंडीच्या दिवसांतल्या आकड्यांतून ०.८ वजा करायचे.

वाचायची वेळ: इथेच सगळे फसतात

हवामान खात्याची सकाळची मुख्य नोंद ८.३० ला होते. तीच वेळ धरा, आणि संध्याकाळची ५.३०. पण तापमापीने लक्षात ठेवलेलं कमाल-किमान बटण दाबून पुसताना एक गोम आहे. समजा आज किमान ९ होतं आणि सकाळी ८.३० ला, पुसताना, हवा १२ अंश होती. रात्री ढग आले आणि खरं किमान १५ राहिलं. उद्या सकाळी तापमापी १५ दाखवणार नाही, १२ दाखवेल, कारण पुसल्या क्षणाचा आकडाच तिच्या हिशेबी सर्वांत कमी ठरला. थंडी ओसरल्याची पहिलीच रात्र वहीतून गायब होते.

उपाय सोपा आहे. संध्याकाळी ५.३० ला कमाल लिहा आणि पुसा, सकाळी ८.३० ला किमान लिहा आणि पुसा. मध्यरात्री आपोआप पुसणारं मॉडेल या कामाला घेऊ नका.

आर्द्रता, ढग, वारा

कोरडी-ओली तापमापी (दोन तापमाप्यांची जोडी, एकीच्या फुग्यावर ओलं मलमल) असेल तर दोन्ही आकडे लिहा. कोरडी २० आणि ओली १५ असेल तर सापेक्ष आर्द्रता साधारण ५८ टक्के. ओल्या फुग्यावरचं मलमल स्वच्छ हवं आणि पाणी डिस्टिल्ड. बोअरचं पाणी वापरलं की कापडावर क्षार चढतात, पाणी नीट वर चढत नाही आणि आर्द्रता फुगून दिसते.

ढग अष्टमांशांत मोजा: आकाशाचे मनाने आठ भाग करा आणि किती झाकलेत ते लिहा. पातळ, उंच, केसांसारखे ढग असतील तर तसं वेगळं लिहा. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली) उत्तर भारतावरून सरकत असताना असे ढग महाराष्ट्रावर बरेचदा दिसतात, आणि तो पुढे गेल्यावर उत्तरेचा वारा परतून पारा पुन्हा घसरू शकतो. वारा जिथून येतो ती दिशा लिहायची, जातो ती नव्हे. मंद वाऱ्यात उदबत्तीचा धूर पुरे.

दव आणि धुकं

द्राक्षबागेसाठी हा रकाना तापमानाइतकाच मोलाचा. सकाळी सातला पानावर हात फिरवा: कोरडं, ओलसर, की थेंब ओघळताहेत? आणि पान किती वाजता सुकलं तेही लिहा. डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग. डाऊनीला पान ओलं राहावं लागतं. भुरीला तशी गरज नसते, ढगाळ दमट हवा तिला पुरते. रात्रभर ढग असतील तर दव सहसा पडत नाही. आधी ढग, दमट हवा आणि मध्यरात्रीनंतर निरभ्र, असं झालं की मात्र जोरदार पडतं.

धुक्यासाठी अंतर माहीत असलेल्या खुणा ठरवून ठेवा: पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर. एक किलोमीटरवरची खूण दिसत नसेल तरच ‘धुकं’.

अवकाळी आला तर

पर्जन्यमापक नसेल तर बाटलीवर सरळ काठाचं फनेल बसवा. जमलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, दहाने गुणा आणि फनेलच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौरस सेंटिमीटर) भागा. १० सेंटिमीटर व्यासाच्या फनेलमध्ये ७.८५ मिली म्हणजे १ मिमी. सकाळी ८.३० ला मोजलेला पाऊस त्याच तारखेला, मागच्या २४ तासांचा म्हणून लिहायचा. दवाचे चार थेंब पाऊस नव्हेत.

वहीतली ओळ (नमुना)

‘किमान १६.२, कमाल २७.४, ढग ६/८, वारा आग्नेय मंद, दव नाही, धुकं नाही, पाऊस ०’

शेजारी जवळच्या वेधशाळेची त्या तारखेची अनेक वर्षांची सरासरी आणि फरक लिहिला तर चित्र स्पष्ट होतं. किमान सरासरीच्या १.५ अंश इकडे-तिकडे असेल तर ते सामान्यच समजा, त्यावरून ‘थंडी गेली’ म्हणू नका. एखादी नोंद चुकली तर रकाना रिकामा सोडा, वर्तमानपत्रातला आकडा त्यात भरू नका. पावसाची चुकली असेल तर दुसऱ्या दिवशीचा आकडा ‘दोन दिवसांचा मिळून’ म्हणून लिहा.