नॉट की किलोमीटर? समुद्रावरच्या वेगाचा हिशोब करताना या चुका टाळा

पावसाळी हवेत मच्छीमारांसाठी इशारा येतो: वारे ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत. संध्याकाळी वायरलेसवर दुसऱ्या बोटीवरून कुणीतरी सांगतं, "इकडे तीस आहे." ऐकणाऱ्याला वाटतं, पंचेचाळीस सांगितलं होतं आणि तीसच निघालं, म्हणजे इशारा वाढवून दिलेला. पण सांगणारा नॉटमध्ये बोलत असतो. तीस नॉट म्हणजे ताशी साडेपंचावन्न किलोमीटर. इशारा खरा ठरलेला असतो आणि ऐकणारा मात्र जाळी भरायला घेतो.

आकडा चुकतो त्याहून जोराचा अंदाज जास्त चुकतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ३० नॉटला ३० किलोमीटर समजलं, तर वेग १.८५ पटीने चुकतो, पण बोटीवर येणारा जोर जवळजवळ साडेतीन पटीने. गुणाकार कुणालाही येतो, फोनवरही होतो. आकडा कशातला आहे, हे विचारायचं राहून जातं, आणि या लेखातल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

१.८५२ पाठ करण्याआधी

एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. सागरी मैल १८५२ मीटरचा, हे १९२९ मध्ये मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेत ठरलं. म्हणून एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आकडा विचित्र वाटतो, पण तो पृथ्वीच्या मापातून आलेला आहे. मीटर ठरवला गेला तेव्हा पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००० किलोमीटर येईल असा धरला होता. त्याच घेराचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या ६० कला, म्हणजे २१,६०० कला. एका कलेइतकं अंतर म्हणजे सागरी मैल. ४०,००० ला २१,६०० ने भागा, १.८५१८ येतात. उलट भागा, बरोबर ०.५४ येतात.

हा ०.५४ मला सगळ्यात उपयोगी वाटतो. किलोमीटरचे नॉट करायला आकड्याला ०.५४ ने गुणायचं. तोंडी करायचं तर निम्मा करा आणि त्या निम्म्यात शेकडा आठ मिळवा. ५५ चे निम्मे साडेसत्तावीस, वर दोन-सव्वादोन, म्हणजे तीसला जरा कमी. वरच्या इशाऱ्यातले ४५ ते ५५ म्हणजे २४ ते ३० नॉट आणि झोत ३५ नॉटचे. उलट जायचं असेल तर दुप्पट करून दहावा भाग वजा करा: ३० चे ६०, वजा ६, चोपन्न. खरं उत्तर साडेपंचावन्न, म्हणजे ही पद्धत थोडं कमी सांगते. वाऱ्याच्या बाबतीत कमी सांगणारी पद्धत मला पसंत नाही, म्हणून तिथे फोनवर १.८५२ नेच गुणा.

गुणायचं की भागायचं असा गोंधळ झाला, तर एवढं बघा: तोच वेग किलोमीटरमध्ये नेहमी मोठा आकडा दाखवतो, नॉटमध्ये लहान. उत्तर याच्या उलट आलं तर हिशोब उलटा झाला.

"ताशी दहा नॉट"

बातम्यांमध्येही हे सर्रास दिसतं. नॉटमध्ये तास आधीच आहे. शिडाच्या जहाजांवर दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. टोकाला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात सोडायची आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. दोन गाठींतलं अंतर ४७ फूट ३ इंच, म्हणजे १४.४ मीटर. १४.४ ला २८ ने भागलं की सेकंदाला ०.५१४ मीटर येतात, आणि आजचा नॉटही तेवढाच आहे. त्या काळच्या खलाशांच्या हाताचं माप इतकं चोख होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

"ताशी" जास्तीचं लागलं म्हणून कुणी बुडत नाही. पण नॉट हे अंतर आहे अशी समजूत त्यातून पक्की होते आणि मग "बंदर वीस नॉटवर आहे" असं बोलणं सुरू होतं. अंतर सागरी मैलात, वेग नॉटमध्ये. बंदरावर नुसतं "नॉटिकल" म्हणतात, तेही चालेल, पण अंतरासाठीच.

मैल कोणता?

जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा. आंग्रिया बँक हे आपल्याकडचं उत्तम उदाहरण. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे समुद्रातलं प्रवाळ पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. इंग्रजी लिखाणात तेच अंतर ६५ मैल दिलेलं सापडतं. ते जमिनीवरचे मैल आहेत. सागरी मैल भरतात ५७. आठ नॉटने निघालेल्या बोटीला सात तास लागतील, पण ६५ ला सागरी मैल समजलं तर आठ तासांचा हिशोब निघतो आणि डिझेलचाही तसाच.

उलटी चूक जास्त महागात पडते. किनाऱ्यालगतची राज्याची हद्द आधाररेषेपासून (साधारणपणे ओहोटीच्या वेळची किनाऱ्याची रेषा) १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे २२.२ किलोमीटर. साधे मैल धरले तर १९.३ येतात. एकोणीस किलोमीटर पार करून आपण हद्दीबाहेर आलो असं समजणारा अजून जवळजवळ तीन किलोमीटर आतच असतो.

जीपीएस चुकत नाही, सेटिंग चुकतं

यंत्र रीसेट झालं, बॅटरी बदलली किंवा कुणी हाताळलं की एकक बदललेलं सापडू शकतं. पर्याय बहुधा तीन असतात: नॉटिकल, मेट्रिक आणि स्टॅट्यूट, म्हणजे जमिनीवरचे मैल. बोट आठ नॉटने चालली असताना मेट्रिकमध्ये १४.८ दिसतात. आपली बोट पंधराने पळत नाही हे कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, माहीत असतं, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. स्टॅट्यूटमध्ये मात्र ९.२ दिसतात. ओहोटीबरोबर बाहेर पडताना ९.२ सहज पटतात आणि पूर्ण फेरीत कुणालाच शंका येत नाही.

तपासणी धक्क्यावर उभ्या उभ्या होते. एकाच रेखांशावरचे दोन बिंदू भरा, अक्षांशात १० कलांचा फरक ठेवून. यंत्राने अंतर १० च्या आसपास दाखवलं तर सेटिंग नॉटिकल आहे. साडेअकराच्या जवळ दाखवलं तर स्टॅट्यूट, साडेअठराच्या जवळ दाखवलं तर मेट्रिक. दर मोसमाच्या सुरुवातीला हे एकदा करावंच.

इथे एक पोटचूक आहे. बिंदू उत्तर-दक्षिण घ्या, पूर्व-पश्चिम नको. कलेला एक सागरी मैल हा नियम अक्षांशाचा आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे रत्नागिरीच्या आसपास रेखांशाची एक कला सुमारे १७७५ मीटरचीच भरते. पन्नास कलांमागे दोन मैलांची चूक होते. नकाशावर कर्कटकाने अंतर घेतानाही माप बाजूच्या अक्षांशपट्टीवर लावायचं, खालच्या पट्टीवर नाही.

ॲपमधला तिसरा आकडा

निसर्ग आणि तौक्ते ही वादळं जून २०२० आणि मे २०२१ मध्ये पाठोपाठ पाहिल्यापासून कोकणात वाऱ्याचं ॲप अनेकांच्या फोनवर असतं. त्यात किलोमीटर आणि नॉटबरोबर मीटर प्रति सेकंद हाही पर्याय असतो. १२ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ४३ किलोमीटर, सव्वातेवीस नॉट. हाच १२ नॉट समजून वाचला तर वारा निम्म्याने कमी वाटतो. मीटर प्रति सेकंदाची दुप्पट केली की जवळपास नॉट मिळतात, ३.६ ने गुणलं की किलोमीटर. आकडा संशयास्पद लहान वाटला तर आधी एकक बघा, मग आभाळाकडे.

वादळाच्या पायऱ्या स्वतः गुणू नका

हवामान विभागाच्या वर्गवारीत चक्रीवादळ ३४ ते ४७ नॉटचं, म्हणजे ६२ ते ८८ किलोमीटरचं. ३४ ला १.८५२ ने गुणलं तर ६३ येतात. मग ६२ हे चक्रीवादळ नाही का? आहे. खालची पायरी ६१ ला संपते म्हणून ही ६२ ला सुरू होते. अशा पायऱ्या तक्त्यातूनच वाचाव्यात. आणि या पायऱ्या सलग वाऱ्याच्या आहेत, झोतांच्या नाहीत. झोत ३५ नॉटचे आले म्हणून चक्रीवादळ झालं असं होत नाही.

अमेरिकन संकेतस्थळावर त्याच वादळाचा वेग जास्त दिसला तर तिथे रूपांतर चुकलेलं असेलच असं नाही. आपला विभाग तीन मिनिटांची सरासरी धरतो, अमेरिकन केंद्र एका मिनिटाची. सरासरीचा काळ कमी केला की आकडा वाढतो. हा फरक कुठल्याही गुणकाने भरून निघत नाही.

अडीच तास म्हणजे २.३० नाही

पंधरा सागरी मैल दोन तास तीस मिनिटांत कापले. कॅल्क्युलेटरवर १५ भागिले २.३० केलं की साडेसहा नॉट येतात. खरा वेग सहा. मिनिटांना आधी साठने भागून घ्यायचं: तीस मिनिटं म्हणजे ०.५, वीस म्हणजे ०.३३, पंचेचाळीस म्हणजे ०.७५. हे सगळं बरोबर करूनही यंत्रावरचा वेग जुळला नाही, तर प्रवाह बघा. जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग सांगतो, पाण्याच्या नाही. खाडीच्या तोंडाशी दोन नॉटची ओहोटी समोरून असेल, तर आठने चालणारी बोट सहानेच पुढे सरकते आणि इंजिन मात्र आठचंच डिझेल खातं.