इंजिन ट्यूनिंग शिकण्यासाठी पुस्तक कसे निवडावे

इंजिनाची ताकद वाढवण्यावरचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका बाजूला ठेवावी, शेवटच्या पानांवरील शब्दसूचीत ‘कॉम्प्रेशन रेशो’ (पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये असणारी जागा भागिले तो वर पोचल्यावर उरणारी जागा) शोधावा आणि ते पान उघडावे. रेशो वाढवला की ताकद वाढते, एवढे सांगून लेखक पुढे सरकला असेल तर पुस्तक परत ठेवावे. तो आकडेमोड करून दाखवत असेल, आणि ती आपल्या इंजिनाचे आकडे घालून आपल्यालाही करता येत असेल, तरच पुढची पाने चाळावीत.

उदाहरण म्हणून मारुती जिप्सीत असलेले १३०० सीसीचे सुझुकी इंजिन घेऊ. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५.५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२४.७ सीसी होते. रेशो ९ धरला तर पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा ४०.६ सीसी इतकी येते. आता हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांमधली चकती) ०.३ मिलिमीटरने पातळ बसवले, तर त्या जागेतून जवळपास १.३ सीसी कमी होतात आणि रेशो ९.२६ च्या आसपास जातो. हा हिशेब एका पानात मावतो. तो ज्या पुस्तकात आहे, त्याच्या लेखकाने हेड उतरवून ब्युरेटने चेंबर मोजलेले असते, असे बहुधा निघते. आणि ज्यात नाही, त्यात पुढे कॅमशाफ्टबद्दल, टर्बोबद्दल जे काही लिहिले असेल तेही ऐकीव असण्याचा संभव मोठा असतो.

दुसरी कसोटी इग्निशन टायमिंगच्या, म्हणजे ठिणगी केव्हा द्यायची याच्या, प्रकरणात लावावी. वेग वाढतो तसे टायमिंग पुढे न्यावे लागते आणि भार वाढतो तसे मागे घ्यावे लागते, हे बहुतेक पुस्तके सांगतात. त्याचे कारण मात्र थोडीच देतात. सिलिंडरमध्ये मिश्रण दाट भरले की ते लवकर जळते, म्हणून ठिणगी उशिरा दिली तरी चालते. उलट, आरपीएम वाढले की तेवढ्याच जळण्याच्या काळात क्रँक अधिक अंश फिरते, म्हणून ठिणगी आधी द्यावी लागते. सिलिंडरमधला सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण १४ ते १६ अंश पुढे गेल्यावर यावा, हे या सगळ्यामागचे उद्दिष्ट असते. ही साखळी नीट जोडून देणारे पुस्तक वाचलेल्या माणसाला पुढे लॅपटॉपवरचा टायमिंगचा तक्ता उलगडतो. फक्त ‘इतके अंश ठेवा’ असे सांगणारे पुस्तक दुसऱ्या इंजिनापाशी गेल्यावर निरुपयोगी ठरते.

बाजारातली बहुसंख्य पुस्तके अमेरिकेतली आहेत, आणि तिथेच आपल्याकडच्या वाचकाची फसगत होते. तिथल्या पंपावर लिहिलेला ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची अवेळी न भडकण्याची क्षमता दाखवणारा आकडा, हा रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी असतो. आपल्याकडे रिसर्च पद्धतीचा आकडा चालतो. त्यामुळे अमेरिकन लेखक ज्याला ८७ म्हणतो ते पेट्रोल आपल्या हिशेबात साधारण ९१ असते, आणि त्याचे ९३ म्हणजे आपले ९८ च्या जवळपासचे. हे माहीत नसेल तर ‘९१ ऑक्टेनवर इतका बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चालतो’ हे वाक्य आपल्या हिशेबातल्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलला लावून इंजिन नॉक करत, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून ठोके देत, बसण्याची वेळ येते. मोजमापांचेही तसेच आहे. हॉर्सपॉवर आणि फूट-पाउंड टॉर्कचे आलेख अमेरिकन पुस्तकात ५,२५२ आरपीएमला नेहमी छेदतात. त्यात इंजिनाचा काही गुण नाही, एककांचा तो परिणाम आहे. आपण न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९,५४९ ने भागावे, म्हणजे किलोवॉट मिळतात. २,००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर देणारे डिझेल इंजिन त्या क्षणी जेमतेम ४० किलोवॉट देत असते, हे असे एकदा स्वतः काढून पाहिले की जाहिरातीतल्या आकड्यांकडे पाहण्याची नजर बदलते. ‘थाउ’ हे माप मात्र वर्कशॉपमध्ये आपल्याकडेही चालते, त्यामुळे जुन्या ब्रिटिश पुस्तकांतील क्लिअरन्स वाचताना अडचण येत नाही. एक थाउ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर.

इंधनाच्या प्रकरणात पुस्तकाचे प्रकाशनवर्ष फार महत्त्वाचे ठरते. जुनी पुस्तके हवा आणि पेट्रोल यांचे आदर्श प्रमाण १४.७ धरून चालतात. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्याचे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर मुळात लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण, मोजतो, आणि पेट्रोलच्या मोजपट्टीवर ठेवलेला गेज त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो, त्यामुळे गेजकडे पाहून ट्यूनिंग करणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. परंतु इंजेक्टर किती मोठा लागेल याचा हिशेब जुन्या पुस्तकातील आकड्याने केला तर इंधन सुमारे ८ टक्क्यांनी कमी पडते. म्हणून संपूर्ण मांडणी लॅम्डामध्ये करणाऱ्या पुस्तकाला झुकते माप द्यावे.

याचा अर्थ जुनी पुस्तके टाकाऊ असतात असा मुळीच नाही. हवेचा प्रवाह, पोर्टचा आकार, कॅमचा ओव्हरलॅप, एक्झॉस्ट पाइपची लांबी यांचे नियम संगणक आल्याने बदललेले नाहीत. ए. ग्रॅहम बेल यांचे ‘परफॉर्मन्स ट्यूनिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस’ हे १९८१ चे पुस्तक कार्ब्युरेटरच्या काळातले असले तरी हेड आणि कॅमची प्रकरणे आजही शांतपणे वाचावीत अशी आहेत. ऑनलाइन मागवताना मात्र जपावे, कारण याच नावाने फोर-स्ट्रोक आणि टू-स्ट्रोक असे दोन वेगळे ग्रंथ आहेत, आणि चारचाकीवाल्याच्या घरी दुसराच येऊन पडला तर तो परत पाठवण्याचा व्याप होतो. टर्बोसाठी कॉर्की बेल यांचे १९९७ चे ‘मॅक्सिमम बूस्ट’ घ्यावे. टर्बोचे माप कसे निवडायचे आणि इंटरकूलर किती मोठा हवा हे ते हिशेबाने समजावते, पण त्यातील ईसीयूविषयक (इंजिन चालवणाऱ्या संगणकाविषयीचा) भाग आता ओलांडून जावा. फॅक्टरी ईसीयूमधील तक्त्यांशी खेळायचे असेल तर ग्रेग बॅनिश यांचे ‘इंजिन मॅनेजमेंट : अॅडव्हान्स्ड ट्यूनिंग’ उपयोगी पडते.

तरीही यांपैकी एकही पुस्तक पहिले म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले पुस्तक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातलेच असावे. व्ही. गणेशन यांचे ‘इंटर्नल कम्बशन इंजिन्स’ सहज मिळते, तुलनेने स्वस्त आहे आणि त्यात सोडवलेली उदाहरणे आहेत. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर हवेने किती भरतो याचे माप), ज्वालेचा प्रवास आणि नॉकिंग यांवरचे भाग वहीत उदाहरणे सोडवत वाचले तरी पाया पक्का होतो. एमआयटीचे माजी प्राध्यापक जॉन हेवूड यांचा ग्रंथ या विषयातला मानदंड मानला जातो. त्याची पहिली आवृत्ती १९८८ ची आणि दुसरी २०१८ ची आहे. पण तो सलग वाचण्याचा नव्हे, शंका आली की उघडण्याचा ग्रंथ आहे, म्हणून ग्रंथालयात मिळत असेल तर विकत घेण्याची घाई करू नये. गणिताची भीती वाटत असेल तर आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडची पुस्तके आधी वाचावीत. त्यांत ट्यूनिंग नसते, पण फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पात्या) कसा धरावा, कॉम्प्रेशन टेस्ट कशी घ्यावी, हेडचे नट कोणत्या क्रमाने आवळावेत, हे असते, आणि ज्याला एवढे येत नाही त्याने रीमॅपच्या, म्हणजे ईसीयूमधले तक्ते बदलण्याच्या, वाटेला जाऊ नये.

एका पुस्तकाचा विसर अनेकांना पडतो, ते म्हणजे आपल्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल. टॉर्कचे आकडे, कॅम टायमिंग, सेन्सरचा रोध, इंधनाचा दाब हे सगळे त्यातच असते, आणि मूळ आकडा माहीत नसताना केलेला बदल म्हणजे अंधारात मारलेला दगड. माझ्या कपाटात मोठ्या अमेरिकन व्ही-एट इंजिनांवरचे एक गुळगुळीत, रंगीत पुस्तक आहे. ते घेण्यासाठी मी मॅन्युअलची खरेदी पुढे ढकलली होती. त्यातील क्रोम चढवलेले मॅनिफोल्ड पाहायला घरी आलेले पाहुणे अजून मागतात. पण चार सिलिंडरच्या माझ्या गाडीचा एकही नट त्याच्या भरवशावर सैल करता आला नाही.

पुस्तकात उत्सर्जन आणि कायदा यांविषयी काही नसेल तर ती उणीव आपण भरून काढावी लागते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि परदेशी लेखक ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला भाग) काढून टाका’ म्हणतो तेव्हा तो बहुधा केवळ ट्रॅकवरच्या गाडीबद्दल बोलत असतो. रस्त्यावरच्या आणि शर्यतीच्या गाडीतला हा फरक न करणारा लेखक इतर बाबतींतही काळजी घेत नसतो, असे धरून चालावे.

खरेदीसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकातील दुकाने पाहावीत. अभियांत्रिकीची जुनी पुस्तके तिथे बऱ्यापैकी भावात मिळतात, आणि दुकानदार पाने चाळू देतो, जी सोय ऑनलाइन खरेदीत नाही. ट्यूनिंगचे एखादे जुने पुस्तक हाताशी लागले तर त्याच्या कडा पाहाव्यात. पहिल्या मालकाचे ग्रीसचे ठसे आणि समासातली पेन्सिलीची आकडेमोड ज्या पानांवर आहे, ती पाने आधी वाचून पाहावीत. पुस्तक कोरेकरकरीत असूनही जुने असेल, तर ते कुणाच्या उपयोगाला का आले नाही याचा विचार पैसे देण्यापूर्वी करावा.