नागपूरच्या महालातल्या पहिल्या फोटो वॉकची तयारी

फोटोग्राफीच्या क्लासला नाव घातलं की पहिला प्रश्न येतो, कॅमेरा कोणता घेऊ? पहिले दोन-तीन महिने काहीच घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. घरात असेल तो कॅमेरा, नाहीतर फोन चालतो. फी भरण्याआधी मात्र विचारून घ्या, की बॅचमध्ये किती जण असतात, बाहेर किती वेळा नेतात, सरावाला कॅमेरा देतात का आणि काढलेले फोटो सगळ्यांना घेऊन बसून तपासतात का. यातलं शेवटचं होत नसेल तर दुसरा क्लास बघा. आपला फोटो का फसला हे कुणी समोर बसून दाखवल्याशिवाय हात सुधारत नाही.

फोटो वॉक म्हणजे कॅमेरा घेऊन पायी फिरत फोटो काढणं. त्याच्या आदल्या रात्री बॅटरी चार्ज करून कॅमेऱ्यातच घालून ठेवा. चार्जरला लावलेली बॅटरी घरीच राहण्याचे प्रकार फार होतात. कार्डावरचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उतरवा आणि मग कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा. तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेही बघा. लेन्स एकच न्या. महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत सारखी लेन्स बदलत बसलात तर धूळ आत जाते आणि समोरचा क्षणही जातो. फोनवाल्यांनी कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसावी, अर्धा धुरकटपणा तिथेच जातो.

निघायची वेळ सूर्य ठरवतो. नागपुरात जानेवारीत तो पावणेसातनंतर उगवतो, मे महिन्याच्या अखेरीस साडेपाचच्या सुमारास. पण गांधी गेटच्या आतल्या अरुंद गल्ल्यांत ऊन खाली उतरायला वेळ लागतो. तोवर सावलीतला मऊ उजेड असतो आणि चेहऱ्यांसाठी त्याहून चांगला उजेड नाही. उन्हाळ्यात नऊनंतर कॅमेरा बॅगेत टाका. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, आणि पारा पंचेचाळीसकडे निघालेला असताना फिरणंही बरं नाही. डोक्याला दुपट्टा, जवळ पाणी हवंच. गाडीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवू नका, मे महिन्यात ती भट्टीच असते.

सेटिंग घरीच लावून घ्या. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटरची गती कॅमेरा ठरवतो), भोकाचा आकडा एफ ४ किंवा ५.६, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर आणि त्याची वरची मर्यादा ३२००. ऑटोच्याच मेनूत शटरची किमान गती १/१२५ सेकंद ठेवता येत असेल तर ठेवा, म्हणजे हळू चालणारी माणसं सहसा पुसट येत नाहीत. सायकल, ऑटोरिक्षा धावत्या पकडायच्या तर १/५०० लागेल. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं अधिक-उणे बटण मात्र डोळे मिटून सापडलं पाहिजे. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट कॅमेऱ्याला करडा करायचा असतो, तिथे अधिक एकपर्यंत जावं लागतं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगावर ऊन पडलं की उलट होतं, लाल-केशरी रंग इतका फुटतो की सालीवरचे बारीक खड्डेच दिसेनासे होतात. तिथे थोडं उणेकडे या.

सरावासाठी तर्री पोह्यांची गाडी घ्या. वाफ दिसायची तर उजेड प्लेटच्या मागून किंवा बाजूने यायला हवा आणि पाठीमागे काहीतरी गडद, बंद दुकानाचं शटर किंवा सावलीतली भिंत. तुम्ही दोन पावलं सरकलात की तीच वाफ गायब होते. फ्लॅश बंदच ठेवा. आणि पोहे खाऊन मग फोटो मागा. गिऱ्हाईक म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी सहसा नाही म्हणत नाही.

विचारण्याची तयारी ही माझ्या मते सगळ्यात मोठी. "काका, एक फोटो काढू का जी?" एवढं पुरतं. नाही म्हटलं तर हसून पुढे जा, लपून काढू नका. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोच. दीक्षाभूमी ही १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराची जागा आहे, तिथे लोक श्रद्धेने येतात. हात जोडलेल्या माणसाच्या तोंडासमोर लेन्स धरू नये, आणि आत फोटो काढायचे तर आधी परवानगी घ्यावी. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, सामान्यांसाठी तो २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडतो. लष्करी हद्दीत पाटी वाचल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, बघून नवशिक्यांना राहवत नाही, ते मी समजू शकतो. काळी-पिवळी मारबत, बडग्यांचे पुतळे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्या, सगळं डोळ्यांत मावत नाही. पण इतवारीतल्या त्या गर्दीत पहिलाच वॉक करू नका. गेलातच तर पट्टा गळ्यात, पाकीट पुढच्या खिशात, आणि पावसासाठी जवळ प्लास्टिकची पिशवी. घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नका, लेन्सला बुरशी लागते. पुसून, वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद करा.

वॉकहून आल्यावर त्याच दिवशी फोटो उतरवा, पण निवड दुसऱ्या दिवशी करा. क्लासला दहाच न्या. त्यातले दोन फसलेले असू द्या, का फसले ते कळत नाही असे. सर त्यांच्यावरच जास्त बोलतील, तेव्हा वही जवळ ठेवा.