वृद्ध आईवडिलांची निर्णयक्षमता जोखताना

वडील विसरू लागले की त्यांचे सगळे व्यवहार हातात घेण्याची घाई घरात सुरू होते. ती टाळावी. विसरणे वेगळे आणि निर्णय घेता न येणे वेगळे. शिवाय ही क्षमता सरसकट नसते, ती त्या त्या निर्णयापुरती पाहावी लागते. घरविक्रीचा करार ज्यांना झेपत नाही, त्यांना आपण कोणाकडे राहायचे हे उत्तम कळत असू शकते.

आधी डॉक्टरांना दाखवावे. दोन-चार दिवसांत अचानक भ्रम होऊ लागला, तर संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा एखादे नवे औषध यांचा संशय घेऊन त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. हळूहळू होणाऱ्या बदलामागेही बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा ऐकू कमी येणे असू शकते आणि या सर्वांवर उपाय आहेत.

मग ज्या निर्णयाचा प्रश्न आहे, तेवढ्याचविषयी बोलावे. सकाळची वेळ, डोळ्यांवर चष्मा, कानात श्रवणयंत्र, टीव्ही बंद. समजा, मुदत ठेव मोडून पुतण्याला पैसे द्यायचे वडिलांच्या मनात आहे. ‘बाबा, ठेव मोडली तर काय होईल?’ असे विचारून त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्यावे. ‘व्याज बंद होईल, औषधे पेन्शनमधून भागवावी लागतील, पण त्याच्या मुलीचे शिक्षण अडायला नको,’ असे ते म्हणाले, तर माहिती समजणे, परिणाम ओळखणे, तोलून पाहणे आणि निवड सांगणे हे चारही त्यात आले. आपल्याला तो निर्णय पटला नाही, तरी तो त्यांचाच. उपचारांच्या बाबतीत मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ४ मध्येही हेच तत्त्व आहे: इतरांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून व्यक्ती अक्षम ठरत नाही. मात्र ‘ठेव मोडली तरी व्याज येतच राहील’ हे उत्तर समजावून सांगितल्यावरही बदलत नसेल, किंवा दोन दिवसांनी तो विषयच त्यांना अनोळखी वाटत असेल, तर व्यवहार थांबवून मनोविकारतज्ज्ञांचा किंवा मेंदूविकारतज्ज्ञांचा लेखी अभिप्राय घ्यावा.

कागदपत्रांना उशीर करू नये. मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला (मुखत्याराला) देणारा दस्त, करून ठेवले म्हणजे झाले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २०१ नुसार ते देणारी व्यक्ती विकल मनाची, म्हणजे मानसिकदृष्ट्या निर्णय घेण्यास असमर्थ, झाली की मुखत्याराचा अधिकारही सर्वसाधारणपणे संपतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी ठरतो आणि त्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून समज शाबूत असतानाच संयुक्त खाते, नामनिर्देशन आणि दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करून घ्यावे. त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुढच्या वादात मोलाचे ठरते. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायचे असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहावी, म्हणजे ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार घेता येतो. आणि वकील किंवा डॉक्टर आईवडिलांशी बोलत असताना, ज्याला त्या कागदाचा लाभ होणार आहे त्याने, तो कितीही प्रेमाचा असला तरी, खोलीबाहेर थांबावे.