खरकट्यापासून गॅस: सुरुवातीला टाकीला अर्धपोटी ठेवा

घरातल्या ओल्या कचऱ्यावर शेगडी पेटते, यात आता नवल राहिलेलं नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने प्लास्टिकच्या दोन टाक्यांचं घरगुती संयंत्र तयार केलं आणि २००६ साली त्या कामाला पर्यावरणपूरक ऊर्जेसाठी दिला जाणारा ॲशडेन पुरस्कारही मिळाला. तरीसुद्धा गच्चीवर, अंगणात बंद पडलेल्या टाक्या दिसतातच. मालकाला विचारलं तर तो टाकीला, नाहीतर थंडीला दोष देतो. बहुतेक वेळा दोष सुरुवातीच्या दिवसांत टाकीत ओतलेल्या खरकट्याचा असतो. म्हणून तेवढ्या टप्प्याबद्दल सविस्तर लिहितो. बाकीचं काम सोपं आहे.

टाकी दिवसभर ऊन लागेल अशा जागी ठेवा. खाली १००० लिटरची, तिच्यात उलटी बसणारी ७५० लिटरची. जोडणी प्लंबर करून देतो. गॅसच्या नळीला सर्वांत खोलगट जागी पाणी काढायची तोटी मात्र आठवणीने बसवून घ्या.

ताजं शेण पाण्यात कालवा, काड्या-खडे काढून टाका आणि टाकीत ओता. शेण पन्नास-साठ किलोच्या खाली नको. जास्त मिळालं तर उत्तमच. जवळपास कुणाचा चालू गोबरगॅस असेल तर तिथली दोन-चार बादल्या स्लरी (टाकीतला पातळ शेणकाला) मागून आणा. बाजारातल्या कुठल्याही ‘कल्चर पावडर’पेक्षा ती कामाची, कारण हवे ते जिवाणू तिच्यात जिवंत आणि कामाला लागलेले असतात. नळाचं पाणी क्लोरिनचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा.

आता थांबायचं. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवस, थंडीत महिनाभरसुद्धा. वरची टाकी आत साठलेल्या गॅसने उचलली गेली की पहिला गॅस हवेत सोडून द्या. त्यात हवा मिसळलेली असते, काडी लावली तर भडका उडू शकतो. पुढेही टाकीच्या तोंडाशी काडी ओढून ‘गॅस आहे का’ बघू नका. गॅस शेगडीवरच पेटवून बघायचा.

इथून अवघड भाग सुरू होतो. मलाही इथेच सर्वांत जास्त झगडावं लागलं. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू काम करतात. पहिले अन्न कुजवून त्याची आम्लं करतात, दुसरे त्या आम्लांपासून मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा गॅस, बनवतात. पहिले काही तासांत दुप्पट होतात, दुसऱ्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. शेण गाईच्या पोटातून पचून आलेलं असतं, त्यामुळे त्यात सहज आंबणारं फारसं काही उरलेलं नसतं. भात, पोळी, शिळी भाजी यांचं तसं नाही. टोपलंभर उरलेला भात टाकला की रातोरात आम्ल तयार होतं, मिथेनवाल्यांना ते उरकत नाही, सामू (पीएच; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) घसरतो आणि घसरलेल्या सामूत तेच मरायला लागतात. मग आणखी आम्ल साचतं. टाकी आंबते ती अशी. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात अन्न आधी वेगळ्या टाकीत पचवतात आणि मिथेनसाठी दुसऱ्या टाकीत सोडतात. आपल्याकडे टाकी एकच, म्हणून लगाम आपल्या हातात हवा.

शेगडीवर निळी ज्योत टिकायला लागल्याशिवाय खरकट्याचा घाससुद्धा टाकू नका. त्यानंतर रोज २०० ग्रॅम, बारीक करून, दुप्पट पाण्यात कालवून. आठवडाभर ज्योत तशीच राहिली तर आणखी २०० ग्रॅम वाढवा. असं करत दोन किलोपर्यंत जा आणि तिथेच थांबा. लग्नाकार्याचं उरलेलं अन्न एकदम ओतायचा मोह होईल. ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, टाकीत नको.

वरची टाकी किती उचलली गेली यावर खूश होऊ नका. आंबलेल्या टाकीतही ती भरभरून वर येते, पण आत बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. काडी लावली की ज्योत उडते आणि विझते. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला शिळ्या आंबोणासारखा आंबट वास येतो. सामू तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात, त्या घरात ठेवा. सामू ७च्या आसपास हवा. ६.५च्या खाली गेला तर त्याच क्षणी खरकटं बंद. निम्मं करून भागत नाही, पूर्ण बंद. गोबरगॅसची ताजी स्लरी घाला, मूठभर खायचा सोडा पाण्यात विरघळवून घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. ज्योत परत निळी होईपर्यंत आठवडा लागो की तीन आठवडे, टाकीला उपाशी ठेवा.

या वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘गूळ टाका, जिवाणू वाढतील.’ जीवामृतात (शेण-गोमूत्राच्या पातळ खतात) गूळ घालतात म्हणून हा सल्ला पसरला असावा. आंबलेल्या टाकीत गूळ घातलात तर आम्ल करणाऱ्यांना मेजवानी आणि मिथेनवाल्यांचा शेवट. यीस्टचंही तेच. असले सल्ले ऐकून चांगली चाललेली संयंत्रं बंद पडलेली पाहिली आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतो.

टाकी एकदा स्थिरावली की रोजचं काम पाच मिनिटांचं. लिंबू-संत्र्याची सालं (त्यातलं तेल जिवाणूंना मारतं), कांद्याची टरफलं, हाडं, करवंट्या, पालापाचोळा टाकायचा नाही. फिनेल किंवा साबणाचं पाणी थेंबभरही नको. थंडीत खरकटं कोमट पाण्यात कालवा. टाकीतलं तापमान २० अंशांच्या खाली गेलं की गॅस रोडावतो, तेव्हा खरकटंही कमी करा. दोन किलोंत एक शेगडी साधारण अर्धा ते पाऊण तास चालते. शेगडी बायोगॅसची घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं, त्यातून हा कमी दाबाचा गॅस नीट येत नाही. दाब कमी वाटला तर वरच्या टाकीवर दोन-चार विटा समतोल ठेवा.

बाहेर पडणारं पाणी फेकू नका. निम्मं पाणी उद्याचं खरकटं कालवायला घ्या, उरलेलं चार-पाच पट साध्या पाण्यात मिसळून झाडांच्या मुळांशी घाला. कढीपत्त्याला आणि केळीला ते विशेष मानवतं.