मार्जिन, ब्रेक-ईव्हन, वाढ आणि माणसं: धंदा उभा करताना या चुका टाळा

मसाले, चटण्या, लोणची, पापड बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचं कॉस्टिंग आणि हिशेब बघणं हे माझं काम. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मार्जिन, ब्रेक-ईव्हन, टार्गेट कस्टमर, स्केल-अप हे सगळे शब्द तोंडपाठ असतात, वही मात्र कोरी असते. आणि चुका त्याच त्या. ज्यांचा माल खरोखर चांगला असतो त्यांचेही पैसे या चुकांपायी बुडताना बघवत नाही, म्हणून हे लिहितोय. उदाहरणं खाण्याच्या मालाची आहेत. साबण किंवा कपडे विकणाऱ्यांनी आपापले आकडे घालून बघावेत.

खर्चावर टक्के चढवून एमआरपी छापणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर वेळ घालवतो.

८० रुपयांची वस्तू १०० ला विकली की वर २० सुटतात. खर्चाच्या मानाने ते २५ टक्के, विक्रीच्या मानाने २० टक्के. पहिला मार्कअप, दुसरं मार्जिन. वाचताना सोपं वाटतं. पण दुकानदार ‘मला वीस टक्के पाहिजेत’ म्हणतो तेव्हा तो एमआरपीवरचे वीस टक्के मागत असतो, वितरक बहुतेक वेळा आपल्या खरेदीवर टक्के लावतो, आणि बनवणारा खर्चावरचे टक्के डोक्यात धरून बसलेला असतो. तिघांचे टक्के तीन वेगवेगळ्या रकमांवरचे.

सांगली जिल्ह्यातल्या एका नवराबायकोची मिरची पूड होती. माल नंबर एक. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी गुंटूर, देठ हाताने काढलेले, वाळवण कडक उन्हातलं. २०० ग्रॅमच्या पाकिटाला माल, पॅकिंग, मजुरी, वीज धरून ७० रुपये खर्च. त्यावर चाळीस टक्के चढवले, ९८ झाले, एमआरपी छापली १००. पुढे एक वितरक मिळाला, दिवाळीपर्यंत माल धडाधड उठला, मागणी दुप्पट झाली आणि बँकेतली शिल्लक दर आठवड्याला खाली जात राहिली. ताई पासबुक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “दादा, माल तर संपतोय, मग पैसा चाललाय कुठं?”

आम्ही एकच पाकीट टेबलावर ठेवलं आणि छापलेल्या किमतीपासून उलटं मोजत आलो. एमआरपी १००. दुकानदाराचे वीस टक्के गेले, ८० राहिले. वितरक त्याच्या खरेदीवर आठ टक्के लावतो, म्हणजे त्याला माल पडायला हवा ७४ रुपये ७ पैशांना. त्यात पाच टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा. तो काढला की कारखान्याच्या हातात ७० रुपये ५५ पैसे. खर्च ७०. एका पाकिटामागे ५५ पैसे सुटत होते, आणि त्यातूनच टेम्पोचं भाडं, फाटलेली पाकिटं आणि मुदत संपून परत आलेला माल भागवायचा होता.

त्यात वितरकाच्या सांगण्यावरून ‘दहावर एक फ्री’ स्कीम लावलेली. दहा पाकिटांचे ७०५ रुपये यायचे आणि अकरा पाकिटांचे ७७० खर्च व्हायचे. जितकी विक्री जास्त, तितका खड्डा खोल. कोणी फसवलं नव्हतं. वितरकाने आपला आकडा पहिल्या दिवशी सांगितला होता, दुकानदाराचाही माहीत होता. फक्त ते सगळे आकडे एका कागदावर एकाखाली एक कोणी मांडले नव्हते.

आपल्याला विक्रीवर पंचवीस टक्के सुटायला हवेत असं धरून आम्ही मग खालून वर गेलो. ७० भागिले ०.७५ म्हणजे ९३.३३. त्यावर पाच टक्के कर, ९८. वितरकाचे आठ टक्के, १०५.८४. हे एमआरपीच्या ऐंशी टक्के असायला हवं, म्हणजे एमआरपी १३२ च्या आसपास. त्या भागात २०० ग्रॅमला १३२ कोणी देईना. मग वितरक सोडला. जवळच्या सोसायट्या आणि आठवडे बाजारात स्वतः ११० ला विकायचं ठरलं. त्यात कर जाऊन १०४.७६ हातात, म्हणजे पाकिटामागे जवळपास ३५ रुपये. विक्री निम्म्याने घटली आणि घरात पैसा यायला लागला.

माझी सवय सांगतो. प्रत्येक वजनाच्या पाकिटाचा उलटा हिशेब वहीच्या एका पानावर पेनाने लिहायचा. तयार एक्सेल शीट डाऊनलोड करून त्यात आकडे भरणारे मला अजिबात पटत नाहीत. कारण कुठला टक्का कशावर धरलाय हे त्या शीटमध्ये दिसत नाही आणि तोच सगळा प्रश्न आहे. आणि एमआरपी पाऊचच्या रोलवर आधीच छापून घेऊ नका. बॅच नंबर आणि तारखेसोबत ती कोडिंग मशीनने मारा. किंमत चुकली म्हणून वर जास्तीच्या किमतीचं स्टिकर लावता येत नाही. कमी किमतीचं चालतं. वर्षभराचा रोल गळ्यात पडलेले लोक मी पाहिले आहेत.

शेजारच्या ब्रँडची एमआरपी बघून दोन रुपये कमी ठेवणं हाही शॉर्टकटच. तो मिरची कुठल्या महिन्यात, किती टनांनी घेतो हे तुम्हाला ठाऊक नाही.

ब्रेक-ईव्हनमध्ये स्वतःचा पगार न धरणं

ब्रेक-ईव्हन म्हणजे ना नफा ना तोटा अशी पाकिटांची संख्या. महिन्याचा ठरलेला खर्च भागिले एका पाकिटामागे सुटणारी रक्कम, इतकंच गणित. भाडं, कायम माणसांचा पगार, व्याज, विमा, फोन मिळून ५९,००० होतात आणि पाकिटामागे १४ रुपये सुटतात, म्हणून ४,२०० पाकिटांच्या पुढे ‘फायदा’ असं लोक धरतात. आणि दोघं नवराबायको सकाळी सहापासून रात्रीपर्यंत राबतात ते? बाहेरचा माणूस ठेवला तर २५,००० लागलेच असते. ते धरा. ठरलेला खर्च ८४,००० होतो आणि आकडा सहा हजार पाकिटांवर जातो. घरातल्या बाईच्या कामाची किंमत शून्य धरून नफा दाखवलेला मला सहन होत नाही. तो नफा नाही, तिची मजुरी आहे.

कर्जाच्या हप्त्यातलं व्याज तेवढं खर्चात येतं, मुद्दल येत नाही. पण मुद्दलही खिशातूनच जातं. म्हणून मी दोन आकडे काढतो: नफ्यासाठी किती पाकिटं आणि हप्ता भरून तगायला किती.

मार्केटिंग म्हणजे जाहिरात समजणं

माल कोणता, किंमत काय, मिळणार कुठे आणि लोकांना कळणार कसं, या चार गोष्टी १९६० पासून पाठ्यपुस्तकांत आहेत. जाहिरात ही चौथी. पहिल्या तीन ठरल्या नसताना इन्स्टाग्रामवर पैसे घालू नका.

‘आमचं गिऱ्हाईक कोण? सगळेच.’ हे उत्तर ऐकलं की मी पेन खाली ठेवतो. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला स्वतः कांडून आणणारी घरं तुमचं पाकीट घेणार नाहीत. पुण्यात खोली घेऊन राहणारी दोन नोकरदार मुलं घेतील, पण त्यांना ५० ग्रॅम पाहिजे, अर्धा किलो नको. मग पाकिटाचं वजन, दुकान, किंमत सगळंच बदलतं.

‘घरगुती चव’ हे वेगळेपण नाही. शेजारच्या पाकिटावरही तेच छापलेलं असतं.

अडलंय एका जागी, मशीन घेतलं दुसऱ्या जागी

दळायचं मशीन ताशी ४० किलो काढतं आणि पाऊच भरून सील करणाऱ्या दोघी ताशी १५ किलो करतात, तर कारखान्याची क्षमता १५ आहे. तरीही कर्ज काढून दुसरा पल्व्हरायझर, म्हणजे दळायचंच मशीन, घेतलेला असतो, कारण प्रदर्शनात तोच चमकत असतो. आणि मग दळलेली पूड पिंपात वास धरत पडून राहते. आधी दिवसभर कारखान्यात उभं राहून माल कुठे साचतो ते बघा. साचतो त्याच्या पुढचं काम अडलेलं असतं.

मशीनशिवाय वाढता येत नाही असं वाटणाऱ्यांनी लिज्जतकडे बघावं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी उसने ८० रुपये घेऊन सुरुवात केली. पीठ केंद्रात एकाच मापाने मळायचं, लाटायला घरोघरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून तपासून द्यायचे. मोठं मशीन न घेता हजारो हातांचं काम एकसारखं येतं, कारण मळणं आणि तपासणं या दोन जागा केंद्राने स्वतःच्या हातात ठेवल्या.

तयार माल तपासणं आणि माल बिघडूच नये अशी व्यवस्था लावणं ही वेगळी कामं आहेत. मिरचीतला ओलावा दळण्याआधी बघा, गिऱ्हाइकाची तक्रार आल्यावर नाही.

विक्री वाढली म्हणजे धंदा वाढला असं धरणं

एमआरपीच्या चुकीनंतर ही दुसरी, जिच्यापायी चांगले कारखाने बंद पडताना मी पाहिलेत.

एक लोणच्याचा कारखाना. तरुण मुलगा, हुशार, कष्टाळू. दुकानांच्या एका मोठ्या साखळीची ऑर्डर मिळाली, गावात पेढे वाटले. ६० दिवसांची उधारी. त्याला मी एक हिशेब मांडून दाखवला होता. कच्चा माल सरासरी ४५ दिवस पडून, तयार माल १० दिवस, उधारी ६० दिवस, आणि बाटल्यांचा व्यापारी आपल्याला देतो १५ दिवस. म्हणजे गुंतवलेला रुपया परत यायला १०० दिवस. रोजचा खर्च १०,००० असेल तर १० लाख कायम अडकलेले. ऑर्डरमुळे धंदा दुप्पट झाला की २० लाख. हे वाढीव १० लाख नफ्यातून यायला कित्येक वर्षं लागतात, आणि लागणार असतात ते पुढच्या शंभर दिवसांत.

त्याला घाई होती. ‘ऑर्डर हातची जाईल’ म्हणून कैऱ्या उधारीवर उचलल्या, मग सोनं गहाण गेलं, मग मजुरांचे पगार लांबले. कागदावर त्या वर्षी नफा होता. बाटल्या घ्यायला पैसे नव्हते म्हणून कारखाना थांबला.

ऑर्डर निम्मी घ्या. निम्मी देत नसतील तर सोडा. माझं हे मत बऱ्याच जणांना भित्रेपणाचं वाटतं, पण खेळत्या भांडवलाची, म्हणजे अशा अडकून राहणाऱ्या पैशाची, सोय आधी झाल्याशिवाय मी कोणालाही मोठ्या ऑर्डरवर सही करू देत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्यापासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा करता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये पैसे निघतात. पण उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, माल पाठवण्याआधी झालेली हवी आणि तिचा नंबर बिलावर छापलेला हवा. ही नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. उशिराच्या पैशांचं हे संरक्षण नुसत्या व्यापाऱ्याला मिळत नाही, बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळतं.

वर्षभरही झालं नाही तोवर फ्रँचायझी द्यायला निघालेल्यांना एकच सांगतो: तुम्ही नसताना तुमच्याच कारखान्यात आठवडाभर तीच चव येते का ते आधी बघा.

माणसं ठेवताना

पगार १५,००० ठरला म्हणजे खर्च १५,००० नव्हे. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), वीस झाली की पीएफ. ईएसआयचे मालकाचे ३.२५ टक्के, पीएफचे शुल्कासकट साधारण १३ टक्के, म्हणजे दरमहा २,४०० च्या वर. शिवाय बोनस आणि ग्रॅच्युइटी. एकोणीसवर माणसं थांबवून बाकीची हजेरीपटाबाहेर ठेवायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. मशीनमध्ये बोट गेलेल्या बाईचं नाव पटावर नसणं काय असतं ते मी पाहिलं आहे. तिला ईएसआयचं हॉस्पिटल नाही, सुट्टीचे पैसे नाहीत, आणि मालक पोलिसांत.

माणूस आधी घेऊन मग काम शोधू नका. काम लिहा, मग माणूस बघा.

वर्षात किती जण सोडून गेले भागिले सरासरी किती होते, हा आकडा काढा. बारा जणांत सहा गेले तर पन्नास टक्के. नवीन बाईचा हात पॅकिंगवर बसेपर्यंत फुटलेले पाऊच मोजलेत तर कळेल की पाचशे रुपये वाढवून जुनी टिकवणं स्वस्त होतं. आणि पगार सात तारखेला म्हटलं की सात तारखेलाच. नेमणुकीचं पत्र मराठीत, पगार, वेळ, सुट्टी आणि कामाचं नाव लिहून, दोघांच्या सहीने, पहिल्याच दिवशी द्या.