ठाणे-नवी मुंबईत सायकलनं कामाला: हिशोब, रस्ता, घाम आणि पंक्चर

ऐरोलीहून महापे, कोपरखैरणेहून तुर्भे, मानपाड्याहून वागळे इस्टेट, नेरुळहून बेलापूर. अशा पाच ते दहा किलोमीटरच्या नोकऱ्यांना सायकल चालते. डोंबिवलीहून अंधेरीला जाणाऱ्यानं हे वाचून मनाला लावून घेऊ नये, त्याला त्याची लोकल लखलाभ. सिग्नल आणि खड्डे धरून सायकलचा सरासरी वेग ताशी १३ ते १५ किलोमीटर पडतो, म्हणजे ८ किलोमीटरला ३५ मिनिटं. हा वेळ रोज जवळपास तेवढाच राहतो. घोडबंदरला ट्रेलर आडवा झाला तर गाडीवाल्याचं काय होतं, ते ठाणेकराला सांगायला नको.

आधी पैशाचं बोलू, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. ८ किलोमीटर जायचं, ८ यायचं, महिन्यात २२ दिवस, म्हणजे ३५२ किलोमीटर. शहरात गाडी लिटरला १२ देत असेल तर साधारण ३,००० रुपयांचं पेट्रोल. स्कूटर ४० देत असेल तर ९०० रुपये. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दरानं रिक्षाचे एका बाजूचे १३७ रुपये होतात, महिन्याचे ६,००० च्या वर. दुसऱ्या बाजूला १५,००० ची सायकल, त्यावर कुलूप, दिवे, मडगार्ड, कॅरियर, हेल्मेट, बॅग आणि पंप यांचे ७ ते ८ हजार, शिवाय टायर, चेन, ब्रेकरबर यांना वर्षाला तीन-साडेतीन हजार. रिक्षा सोडणाऱ्याचे पैसे चार महिन्यांत वसूल होतात, गाडीवाल्याचे आठ-नऊ महिन्यांत. स्कूटरवाल्याला तीन वर्षं लागतात. आणि लोकलचा पास काढून स्टेशनपासून पायी ऑफिस गाठणाऱ्याचा एक रुपयाही वाचणार नाही. त्याला फायदा झालाच तर गर्दीतून सुटण्याचा.

गाडी दारात उभी ठेवून सायकल चालवली तर वाचतं ते फक्त पेट्रोल. हप्ता, विमा, सोसायटीचं पार्किंग भाडं चालूच राहतं. टोल वाचतो म्हणावं तर ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना तो माफच आहे. खरा पैसा हप्त्यात आहे. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी काढलं तर महिन्याला जवळपास १२,९०० रुपये जातात. नवरा-बायको दोघं कमावते झाले की ‘आता दुसरी गाडी घेऊ’ हा विषय घरात निघतोच. सायकल ती दुसरी गाडी दोन-तीन वर्षं लांबवू शकली तर हिशोबाला अर्थ आहे, नाहीतर बचतीच्या गप्पा सोडा आणि आवडते म्हणून चालवा.

नोकरीही डोळ्यांसमोर ठेवा. दीड-दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्यानं आजच्या ऑफिसचं अंतर बघून चाळीस-पन्नास हजारांची सायकल घेऊ नये. उद्या ऑफर लोअर परळची येईल. आठवड्यात तीनच दिवस ऑफिस असेल तर महिन्याची बचत साठ टक्क्यांच्या आसपासच धरा, पैसे वसूल व्हायला तेवढा जास्त वेळ लागेल. राहता राहिलं ‘लोक काय म्हणतील’. रबाळे एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला फिटर आणि हेल्पर वर्षानुवर्षं सायकलनंच जातात, त्यांना कोणी ‘वा, फिटनेस’ म्हणत नाही. मॅनेजर सायकलवर आला की मात्र लिफ्टमध्ये चर्चा होते. आठवडाभरात तीही संपते.

रस्ता आधी, सायकल नंतर

नवी मुंबईत राहत्या वस्त्या बहुतेक रुळांच्या खाडीकडच्या बाजूला आणि एमआयडीसी डोंगराकडच्या बाजूला. मध्ये रेल्वे आणि ठाणे-बेलापूर रोड. म्हणून रस्ता ठरवताना सुरुवात घरापासून करू नका. रूळ आणि हमरस्ता कुठून ओलांडायचा ते आधी पक्कं करा, मग दोन्ही बाजूंचे आतले रस्ते त्या जागेला जोडा. सबवे निवडला तर तो पावसात तुंबतो का, हे आजूबाजूच्या टपरीवाल्याला विचारा. ठाणे-बेलापूर रोडवर उड्डाणपूल दिसला की खालून जा. पुलाच्या चढावर सायकल ताशी १० वर येते आणि मागचा कंटेनर ६० वर असतो, डावीकडे सरकायला जागाही नसते. एपीएमसीच्या (वाशीच्या घाऊक बाजाराच्या) आसपास पहाटेपासून भाजीचे ट्रक वळत असतात, तिथून वळसा पडला तरी चालेल.

पामबीच रोड रविवारी सकाळी सुरेख. कामाच्या दिवशी तिथल्या गाड्यांचा वेग पाहता सानपाडा, जुईनगर, नेरुळच्या सेक्टरमधले रस्ते बरे. पाच-सात मिनिटं जास्त जातील.

ठाण्यात घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब, पत्रे, आणि सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिळवण्याचं काम यांनी सायकलस्वाराची हक्काची डावी बाजू खाल्ली आहे. मानपाड्याकडून वागळेला जाणाऱ्यानं ग्लॅडी अल्वारिस मार्गानं पोखरण रोड २ धरावा, तिथून वर्तकनगरमार्गे वागळे. थोडे चढ लागतात, पण माजिवड्याचा गुंता आणि पूर्व द्रुतगती मार्ग दोन्ही टळतात. ढोकाळी-कोलशेतच्या बाजूनं येणाऱ्याला मात्र कुठेतरी घोडबंदर रोड किंवा द्रुतगती मार्ग ओलांडावाच लागतो. तिथे सायकलवरून उतरून सिग्नलला पादचाऱ्यांबरोबर चालत पार व्हावं. यात कमीपणा नाही.

पहिली फेरी रविवारी मारा आणि दुसरी शनिवारी, ऑफिसच्याच वेळेला. रविवारचा रस्ता वेगळाच असतो. दोन्ही फेऱ्यांत लोखंडी जाळ्या बघून ठेवा: गटाराच्या ज्या जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेनं असतात, त्यांत चाक अडकतं. पुलाच्या लोखंडी सांध्यांवरून आणि मेट्रोच्या कामावर टाकलेल्या पत्र्यांवरून काटकोनात जायचं, ब्रेक न दाबता. ओले झाले की हे पत्रे, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पेव्हर ब्लॉक सारखेच निसरडे.

उभ्या रिक्षांपासून हातभर नाही, चांगलं एक मीटर अंतर ठेवा. उतारू कधी बाहेर येईल सांगता येत नाही. बस किंवा डंपर डावीकडे वळणार असेल तर त्याच्या डाव्या अंगाला कधीच घुसू नका. ड्रायव्हरला तुम्ही तिथे दिसत नाही आणि वळताना मागची चाकं आत येतात. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून जाणंही धोक्याचं आहे. तिथे खडी, काचा आणि उलट दिशेनं येणारे डिलिव्हरीवाले, तिन्ही भेटतात.

सायकल कोणती

जाड टायरची, पुढे सस्पेन्शनची एमटीबी (डोंगरी वाटांसाठीची सायकल) दुकानात दिसायला दणकट दिसते. त्या किमतीतलं सस्पेन्शन दोन पावसाळ्यांत जाम होतं आणि तोवर दीड-दोन किलो वजन फुकट ओढावं लागतं. १२ ते १८ हजारांतली हायब्रिड (शहरी रस्त्यासाठीची मधली सायकल) घ्या: साधा, बिनसस्पेन्शनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ७०० बाय ३५ किंवा ३८ मिलीमीटर रुंदीचे टायर, मागे सात-आठ गिअर. सपाट पाच किलोमीटरला बिनगिअरची साधी सायकलही पुरते आणि चोर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या छापील किमतीवर भाव करू नका. अंतर बारा किलोमीटरच्या पुढे असेल तर ई-सायकल बघा. मोटर २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स आणि नोंदणी लागत नाही.

मापासाठी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकलच्या दांड्यावर उभं राहा, मध्ये दोन-तीन बोटं अंतर हवं. सीटची उंची अशी लावा की पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होतो. चालवताना पंजा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखतो म्हणजे सीट खाली आहे. कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट वर आहे. आपल्याकडे बहुतेक जण ती खालीच ठेवतात, पाय टेकले पाहिजेत म्हणून.

नवी सायकल शंभर-दीडशे किलोमीटर चालली की केबल ढिल्या पडतात, तारा बसतात. दुकानात परत नेऊन गिअर लावून घ्या, चाकाचा आऊट (डगमग) काढून घ्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घाईत चुकीच्या बाजूनं पिळलं तर क्रँकचे (पेडल जोडलेल्या दांड्याचे) आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो.

हवा आणि पंक्चर

सत्तर किलोच्या माणसाला ३५ च्या टायरमध्ये मागे ६० आणि पुढे ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालतं, टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नका. दर आठवड्याला हवा भरा. हवा कमी असताना खड्ड्यात आदळलं की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. तशी दिसली तर दोष काट्याचा नाही, हवेचा.

एमआयडीसीत पंक्चर होतं ते बहुतेक ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारेनं. ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली, तर ती तार टायरमध्येच राहिली आहे. आतून बोट हळू फिरवा (हात कापेल, कापड घेतलेलं बरं), टोचेल तिथून चिमट्यानं काढा. पॅच लावताना ट्यूब घासा, सोल्यूशन लावा आणि पाच मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबा. पॅच सुटतात ते बहुतेक ओल्या सोल्यूशनवर लावल्यामुळे. पावसात हे जमतच नाही, म्हणून एक नवी ट्यूब बॅगेत हवीच आणि तिचा वाल्व तुमच्या पंपाला बसणारा हवा. सोबत दोन टायर लिव्हर, ४-५-६ चे ॲलन की (षटकोनी पाने) आणि चाक नटाचं असेल तर १५ चा पाना. हा पाना विसरणारे फार, आणि त्याच्याशिवाय चाक निघत नाही.

घाम आणि कपडे

मुंबईच्या दमट हवेत घाम येणारच. तो कमी करता येतो. लॅपटॉपची बॅग पाठीवरून उतरवून कॅरियरला टांगा, पाठ कोरडी राहिली की निम्मं काम झालं. शेवटचे दोन किलोमीटर हळू चालवा आणि पोचल्यावर लगेच कपडे बदलू नका. पंख्याखाली दहा मिनिटं थांबा, नाहीतर नव्या शर्टालाही घाम लागतो. मग ओल्या पंच्यानं अंग पुसा. सुती बनियन घामानं जड होतो, खेळाचा पातळ टीशर्ट बरा. सोमवारी पाच शर्ट नेऊन ठेवता आले तर उत्तम, नाहीतर शर्ट गुंडाळून न्या, घडीपेक्षा सुरकुत्या कमी पडतात. बूट ऑफिसातच ठेवा.

पावसाळा

रेनकोट घालून सायकल चालवली तर आतून घामानं भिजता. त्यापेक्षा भिजा आणि बदला. बॅगेवरचं रेनकव्हर मागच्या चाकाचं पाणी अडवत नाही, म्हणून लॅपटॉप आधी कचऱ्याच्या जाड पिशवीत, मग बॅगेत. मडगार्ड पूर्ण लांबीची हवीत. रिमवरचे ब्रेक ओल्यात चाकाचे पहिले दीड-दोन फेरे पकडत नाहीत, तेव्हा थांबायच्या बरंच आधी हलके दाबून रिम पुसून घ्या. रस्त्यावर तळ दिसत नाही इतकं पाणी असेल तर त्यात सायकल घालू नका, झाकण उघडं असू शकतं. त्या दिवशी सरळ लोकल.

खाडीची खारी हवा आणि पाऊस मिळून चेन दोन दिवसांत तांबडी करतात. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे तेल नव्हे. तो आहे तेही तेल धुऊन काढतो. शिलाई मशीनचं तेल पावसात टिकत नाही, इंजिन ऑइलवर धूळ बसून काळा लगदा होतो. चेनचंच घट्ट तेल आणा, प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा आणि बाहेरचं सगळं फडक्यानं पुसून टाका. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी. चेन लांबलीय का हे दुकानात मापून घ्या. मापाची पट्टी ०.७५ (टक्के लांबली) दाखवत असेल तर बदला. वेळेवर बदलली तर पाचशे रुपयांत भागतं, नाहीतर ती मागचे दातेही खाते.

कुलूप आणि ऑफिसचा वॉचमन

केबलचं कुलूप तार कापायच्या कात्रीनं तुटतं. यू-लॉक (यू आकाराच्या जाड दांड्याचं कुलूप) घ्या आणि तो फ्रेम, मागचं चाक आणि खांब तिघांतून घाला. फ्रेमखालचा नंबर फोटो काढून बिलासोबत ठेवा. चोरीची तक्रार देताना पोलीस तोच विचारतात. मागचा लाल दिवा उतरवून खिशात टाका.

बहुतेक ऑफिसांत गेटवर ‘सायकल बाहेर’ असं ऐकायला मिळतं. वॉचमनशी वाद घालून उपयोग नाही, त्याला तसा हुकूम आहे. ॲडमिनला एक मेल पाठवा: दुचाकींच्या पार्किंगमध्ये भिंतीलगत एका स्कूटरची जागा आणि एक लोखंडी पाइप हवा, त्यात दोन-तीन सायकली राहतात. मागणी इतकी छोटी असली की मंजुरी खालच्या पातळीवरच मिळते. ‘ग्रीन उपक्रम’ वगैरे लिहिलंत तर फाइल एचआरकडे जाईल आणि सायकल गेटबाहेरच राहील.